उशाशी बसलेली सिस्टर

पुढचं कोणी खरं मानणार नाही, आणि मानलंच पाहिजे असा कोणाचा हट्टही नाही. पण हिंगोलीत, शालूबाईच्या शिलाईच्या दुकानात, भर दुपारी, शिवकन्येच्या तोंडातून एक वाक्य तिला न विचारता बाहेर पडलं आणि शिलाई मशीनवर जाऊन बसलं. झालं होतं एवढंच, की युनिफॉर्मचा गळ्याजवळचा हूक तुटला होता, दुपारच्या ड्यूटीची वेळ होत आली होती, आणि तिनं तो गळा टाचणीनं कसाबसा धरून ठेवला होता. शालूबाईनं हात पुढे केला, म्हणाली, "टाचणी काढ आन् दे इकडं, लेकी." शिवकन्येनं टाचणी काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या सिस्टर, भांडूया."

शालूबाईचा हात तसाच राहिला. "कोण सिस्टर? आन् भांडायचं काहून?"

"काही न्हाई मावशी. दवाखान्यातली सवय हाय."

"भांडायची?"

"म्हणायची."

शालूबाईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग दोऱ्याचा एक तुकडा तोडून तिच्या दातांत दिला. अंगावरचं शिवताना तोंडात दोरा नाहीतर काडी धरायची असते, नाहीतर माणसाचं नशीबही त्याच टाक्यात शिवलं जातं म्हणतात. त्यामुळे पुढचं बोलणं आपोआप टळलं. शिवकन्या दोरा चावत उभी राहिली. गळ्याजवळ सुई आत-बाहेर होत होती आणि तिला भीती वाटत होती, पण सुईची नाही. वॉर्डातलं ते वाक्य वॉर्डातच राहतं, असं ती इतके दिवस धरून चालली होती. चपला दाराबाहेर काढाव्या तसं ती ते दवाखान्याच्या फाटकाशी काढून ठेवत असे. आता ते रस्ता ओलांडून, बाजार ओलांडून तिच्या मागं मागं आलं होतं, भाकरीचा तुकडा टाकला नसतानाही मागं येणाऱ्या कुत्र्यासारखं. बरं, आलं ते साधंही आलं नव्हतं. शेवटच्या अक्षरावर आवाज जरा वाकवायचा, लाडात आल्यासारखा, असं तिला शिकवलेलं होतं, आणि ते बरोबर वाकून आलं होतं. म्हणजे जीभ आता तिची राहिली नव्हती. दवाखान्याची झाली होती.

साखऱ्याला, म्हणजे गावी, तिच्या घरात सुई, मीठ आणि मिरची हातातून हातात देत नसत. आई फोडणी देताना मिरची मागायची तर ती आधी जमिनीवर ठेवायची, मग आईनं उचलायची. मधे भुईनं साक्षी राहायचं. हातातून हातात गेली की त्या दोन हातांचं भांडण होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आजोबांना तर पुराव्यानिशी ठाऊक होतं. तिचे आजोबा सटवाजी पंचक्रोशीत थापांसाठी प्रसिद्ध. ते छातीवर हात ठेवून सांगत, की पुसेगावच्या दोन भावांनी एकदा गोधडी शिवताना सुई हातोहात दिली, तर भांडण इतकं लांबलं की सुई गंजून तिची माती झाली, आणि आता त्यांचे नातू त्या मातीच्या वाटणीवरून भांडतात. शिवकन्या लहानपणी त्या मातीचा रंग विचारायची. आजोबा म्हणायचे, "तांबूस. पर वास लोखंडाचा." असं विचारल्याबरोबर उत्तर देणाऱ्या माणसावर अविश्वास कसा ठेवायचा. तर सुई खाली ठेवायची, ही गोष्ट तिच्या डोक्यात नव्हतीच. ती बोटांत होती. जसं चालताना पाय कोणाला विचारत नाहीत, तसं.

म्हणून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात, पुरुषांच्या वॉर्डात पहिली ड्यूटी लागली तेव्हा जे झालं ते बोटांनी केलं. सरिता सिस्टर त्या वॉर्डाच्या इनचार्ज. डोंगरकड्याचा किसनसिंग म्हणून एक म्हातारा पाय मोडून पडला होता. पाय कशानं मोडला हे तो दर माणसाला वेगळं सांगे, पण जखम चिघळली होती आणि महिनोन् महिने भरणार नव्हती, एवढं त्यातलं खरं होतं. त्याच्या सलाईनमधून इंजेक्शन द्यायचं होतं. सिस्टरनं मागं न पाहता तळहात पुढे केला. "सुई." शिवकन्येनं भरलेली सुई अगदी अदबीनं, सिस्टरच्या हाताशेजारी, पलंगाजवळच्या कपाटावर ठेवली. ती घरंगळली आणि खाली पडली. वाया गेली.

"हे काय?"

"खाली ठेवली, सिस्टर."

"ते दिसलं. हातात का नाही दिली?"

इथं हात घसरला म्हणाली असती तर गोष्ट संपली असती. दोन शब्द ऐकून मोकळी झाली असती. पण सटवाजीची नात त्या क्षणी नेमकी खरं बोलली. "हातात दिली की भांडण व्हतं."

आधी किसनसिंग हसला, कारण सुई त्याच्यासाठी होती आणि तेवढीच लांबली. मग पलीकडचा हसला, मग त्याची बायको, मग दाराशी डबा घेऊन उभे असलेले लोक. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तळहात पुन्हा पसरला आणि म्हणाल्या, "असं का? मग भांडूच आपण. आजपासून सुई माझ्या हातातच द्यायची, आणि देताना म्हणायचं, घ्या सिस्टर, भांडूया. म्हण." ती म्हणाली. "असं नाही. प्रेमानं म्हण." ती प्रेमानं म्हणाली. वॉर्ड पुन्हा हसला. तेव्हापासून प्रत्येक सुईला ते वाक्य आलं. सकाळच्या सुईला, दुपारच्या सुईला, राउंडवर डॉक्टर असतील तर डॉक्टरांसमोर. डॉक्टर कागदावरून मान न काढता ओठ हलवायचे. नवा पेशंट आला की जुना पेशंट त्याला सांगायचा, थांब, आता ऐक. फिनेलनं फरशी पुसणं असतं तसं ते वॉर्डाचं एक काम होऊन बसलं. सोबतच्या मुली आधी मान खाली घालायच्या. पुढं पुढं त्यांतल्या एक-दोघी तिला हॉस्टेलवर भांडूया म्हणूनच हाक मारू लागल्या, आणि ती ओ देऊ लागली.

हूक लावून झाला. शालूबाईनं दोरा दातानं तोडला आणि टाचणी परत देताना मशीनच्या फळीवर ठेवली, हातात दिली नाही. शिवकन्येनं ती फळीवरून उचलली. मग ती मुठीत धरून पटकन बाहेर पडली. रस्त्यावर ऊन होतं. बाजारात हळदीचे ट्रॅक्टर लागले होते आणि हवेत तो सुका, पिवळा वास होता, जो तिच्या गावीही आता घराघरांत भरला असेल. आई हळद शिजवण्याच्या कामात असेल, संध्याकाळी पिवळ्या बोटांनी फोन कानाला लावील. फोनचं आठवलं तसा तिचा पाय मंदावला. वॉर्डात ती रोज पायांवर जगायची. म्हणजे असं, की तिची मान खाली असायची आणि समोर सिस्टरचे पाय असायचे, त्यामुळे सिस्टरला ती पायांवरून ओळखायची. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि तो जखमेला टाके घालायच्या काळ्या दोऱ्यानं शिवला होता, फार सफाईनं. घोटे सकाळी हडकुळे असत, ड्यूटी संपताना सुजून चपलेच्या बाहेर येत. सिस्टर रागावलेल्या असल्या की उजव्या पायाचा अंगठा वर उचलला जाई. तो उचलला की शिवकन्या ओरडा यायच्या आधीच हातातला ट्रे घट्ट धरायची. चेहरा मात्र तिनं कधी नीट पाहिलाच नव्हता. आवाजाच्या वर, मानेच्या वर, तिथं काहीतरी होतं, ढगासारखं. आणि जिथं चेहरा नाही तिथं दुसरा चेहरा बसवायला कितीसा वेळ लागतो.

तो दुसरा चेहरा तिनं आईसाठी बनवला. सुरुवात झाली तेव्हा मनात काही कावा नव्हता. शेजारच्या गल्लीतली पुनम असंच शिकायला गेली होती, दुसऱ्या शहरात. एक दिवस ती पेटी घेऊन घरी आली, काय झालं ते तिनं कोणाला सांगितलं नाही, आणि अजूनही कोणी तिचं नाव जरा मोठ्यानं घेतलं तर ती उठून उभी राहते. जनकाबाईनं, म्हणजे शिवकन्येच्या आईनं, ते पाहिलं होतं. लेकीला हिंगोलीला सोडताना तिनं बसस्टँडवर सांगितलं होतं, "माझ्या लेकराला कोणी घालून-पाडून बोललं, तर मी त्याच पावली घेऊन येईन. मंग तुझं शिक्षण गेलं खड्ड्यात." आणि जनकाबाई बोलली की करायची, गावात याबद्दल दोन मतं नव्हती. म्हणून वॉर्डातल्या पहिल्या संध्याकाळी, सुई पडली त्याच संध्याकाळी, फोनवर आईनं विचारलं, "तिथं कोणी बोलत तर न्हाई ना तुला?" तेव्हा शिवकन्या म्हणाली, "न्हाई गं. सिस्टर लई चांगली हाय." एवढंच. पण आईला एवढ्यावर कधी भागत नाही. "चांगली म्हंजी कशी?"

मग चांगली म्हणजे कशी ते सांगणं आलं. आणि शिवकन्येला एक रीत सापडली. जे झालं असेल ते उलटं करायचं, उसवलेलं पोलकं उलट्या बाजूनं दुरुस्त करावं तसं. एकदा अंबाड्यातून एक बट सुटली होती म्हणून सिस्टरनं भर वॉर्डात तिच्या डोक्यावरची जाळी ओढली आणि सगळे केस खाली आले, लोकांच्या समोर, न्हाऊन उठलेल्या बाईसारखे. संध्याकाळी शिवकन्येनं सांगितलं, "आज माझा अंबाडा नीट बसंना, तर सिस्टरनं सोता विंचरून घालून दिला." सिस्टरनं तिचा डबा टेबलावरून उचलून खिडकीत ठेवला, हे स्टुडंटचं टेबल नाही म्हणून, आणि तो डबा कावळ्यांनी उपसला. संध्याकाळी तो झाला, "सिस्टरनं मला शेजारी बसवून जेवू घातलं. सोताची अर्धी पोळी दिली." संक्रांतीनंतर तिला ताप भरला; तिनं सिस्टरला सांगितलं; सिस्टर म्हणाल्या, "ताप पेशंटला येतो. स्टुडंटला येत नाही. पुढचा बेड घे." ती पुढचा बेड घेत राहिली, त्याच्या पुढचा घेत राहिली, भिंती जवळ-लांब होत राहिल्या. हॉस्टेलवर गेल्यावर तिनं अंगावर दोन चादरी घेऊन आईला फोन केला आणि दात वाजत असताना सांगितलं, की सिस्टर आत्ताच उठून गेली, इतका वेळ उशाशी बसून कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती, हात किती गार गं तिचा. आणि कोणी काहीही म्हणो, त्या क्षणी तिच्या कपाळावर खरोखर गार लागलं. फोन ठेवल्यावरही ती बाई गेली नाही. उशाशी बसून राहिली. तिला घोटे होते, सुजलेले, आणि शिवलेली चप्पल होती, ती तिनं काढून पलंगाखाली ठेवली होती. चेहरा मावशीसारखा, आईसारखा, कधी कोणाचाच नाही. तापात शिवकन्येनं तिला विचारलं, की दिवसा तुम्ही अशा का नसता. ती बाई म्हणाली, झोप आता.

असं झालं, की शिवकन्येला खोट्या सिस्टरचा लळा लागला. खऱ्या सिस्टरकडून ओरडा खाताना ती मनात म्हणायची, संध्याकाळी सांगते तुम्हाला. आणि घरी त्या खोट्या सिस्टरचं कौतुक इतकं वाढलं की जनकाबाई एस.टी.तून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर डबे पाठवू लागली, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या, "सिस्टरला दे म्हणावं, आईनं दिलंय." ते डबे सिस्टरला द्यायचे कसे. ते किसनसिंगनं खाल्ले. पहिल्या हसणाऱ्यानं खावे यात एक न्यायही होता. तो बोटं चाटत म्हणायचा, "तुझ्या सिस्टरला सांग, चटणी झकास. लसूण थोडा जादा चालंल." त्याला किती कळलं होतं कोण जाणे, पण हल्ली त्या वाक्यावर तो हसत नसे, भिंतीकडे तोंड करायचा आणि खोकायचा.

आता कोणी विचारील, एवढं होतं तर पोरीनं सोडून का दिलं नाही. ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. एक नाडी होती. पेशंटच्या मनगटावर तीन बोटं ठेवली की बाकीचं सगळं मागं सरकायचं, सिस्टर, वॉर्ड, ते वाक्य, आणि बोटांखाली कोणीतरी आतून दार ठोठावायचं. पहिल्या वर्षी ते दार तिला सापडायचं नाही. मग एकदा सापडलं ते गेलंच नाही. तिला पलंगाच्या लोखंडी दांड्याला हात लावला तरी त्यावर झोपलेल्याची नाडी लागायची, आणि हॉस्टेलच्या भिंतीला टेकली तर पलीकडच्या खोलीतल्या मुलीची. आणि मनगट धरल्यावर काही वेळानं पेशंटचा हात सैल पडतो. तो स्वतः ठरवून सैल पडत नाही, त्यालाही कळत नाही. तो सैल पडायचा क्षण तिला हवा असायचा. तेवढ्यासाठी ती रोज फाटकाच्या आत जायची.

आजही ती आत गेली आणि व्हरांड्यात तिला आई दिसली.

जनकाबाई बाकड्यावर नव्हती, बाकड्याच्या शेजारी खाली बसली होती, पाठ भिंतीला लावून. बोटं नखांपर्यंत पिवळी. मांडीजवळ एक मोठी पिशवी होती, आणि ती चपटी होती.

"आई? आशी अचानक?"

"आले."

"डबा न्हाई आणला व्हय?" पिशवीकडे पाहून शिवकन्या म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"न्हाई. ह्याच्यात तुझे कपडे घालायचेत. घरी चल."

"काहून? तुला सांगितलं ना, सिस्टर लई…"

"म्हणूनच आले." जनकाबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "तुझा आजा काय सांगायचा? खोट्याच्या भातात एक खडा ठेवावा. दाताखाली खडा आला की खाणारं म्हणतं, भात खरा हाय. तुझ्या सिस्टरमंदी खडाच न्हाई, शिवू. मी तुझी सख्खी आई, मी बी तुला दोन येळा हाणलंय. आन् ही बाई इतक्या महिन्यांत कदी वरडली बी न्हाई? केस इंचरती, घास भरविती, उशाशी बसती. आगं, देवाची मूर्ती बी येवढी गोड नसती, तिचे बी डोळे वटारलेले असतात." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "मी पुनमच्या आईला इचारलं. तिनं सांगितलं, माझी बी आशीच सांगायची."

शिवकन्येला आधी आईपेक्षा आजोबांपुढेच लाज वाटली. इतके महिने आपण किती कच्चं बोलत होतो. मग ती म्हणाली, "मला ऱ्हायचंय, आई."

"कशापायी?"

"नाडी लागती मला."

 हे वाक्य जनकाबाईला कळलं नव्हतं, पण त्यात खडा होता. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "ठीक हाय. आधी तुझ्या सिस्टरला बघते. मंग ठरवते पिशवी भरायची का न्हाई. तू मधी बोलायचं न्हाई."

वॉर्डात दुपारच्या इंजेक्शनांची वेळ झाली होती. भेटायला आलेले लोक पलंगांच्या कडेला टेकले होते. जनकाबाई किसनसिंगच्या पलंगाच्या पायथ्याशी, त्यांच्यातलीच एक होऊन उभी राहिली. शिवकन्येनं ट्रे घेतला. सरिता सिस्टर आल्या, सलाईनची नळी पाहिली, आणि मागं न पाहता तळहात पुढे केला. "सुई." शिवकन्येच्या हातात सुई होती आणि दोन पावलांवर आई होती. तिनं ठरवलं, आज म्हणायचं नाही. काय व्हायचं ते होवो. तिनं दात दातांवर घट्ट दाबले. पण जीभ दुकानात गेली तशीच इथंही गेली, तिला न विचारता, दातांच्या फटीतून, शेवटी वाकून. "घ्या सिस्टर, भांडूया."

कोणी तरी नवा माणूस हसला. किसनसिंग भिंतीकडे वळून खोकला. सिस्टरनं सुई सलाईनच्या नळीत टोचली, औषध सोडलं, आणि मग पायथ्याशी उभ्या बाईचं त्यांना काहीतरी वेगळं वाटलं असावं, कारण त्या थांबल्या. शिवकन्येला पाय दिसत होते. अंगठा खालीच होता.

"राम राम, सिस्टर," जनकाबाई म्हणाली. "मी हिची आई. साखऱ्याहून आले."

"पालकांनी ऑफिसमध्ये भेटायचं असतं."

"व्हय, व्हय. मला निस्ते हात जोडायचे हायेत तुमाला." आणि तिनं पिवळे हात जोडले. "हिनं सांगितलंय मला समदं. तुमी हिचा अंबाडा घालून देता. शेजारी बसवून जेवू घालता. परक्या गावात लेकरू टाकलं आन् मला घोर न्हाई, ते तुमच्यामुळं." आवाज मऊ होता, दही लावताना दुधात बोट घालून पाहावं तसा कोमट. "हिच्या टाचंला फोड आले, तर तुमी सोताच्या चपला काढून दिल्या आन् दिसभर अनवाणी हिंडल्या."

शिवकन्येनं मान वर केली. हे तिनं सांगितलंच नव्हतं.

"हिला सपनात दचकायची खोड. तर तुमी म्हणं हॉस्टेलात जाऊन हिच्या पलंगाच्या चारी पायांला हळद लावून आल्या. हिचा पेपर व्हता तवा तुमी उपास धरला. आन् एकदा हिला माझी लई आठवण आली, तर तुमी माझ्यावानी बोलून दाखवलं. आगं बया, हुबेहूब, म्हणाली." जनकाबाई सांगत गेली आणि वॉर्ड ऐकत गेला. रोज हसणारे ते सगळे लोक, ज्यांना यातलं काय खरं आहे हे पुरतं ठाऊक होतं, त्यांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. शिवकन्या आता सिस्टरच्या चेहऱ्याकडे पाहत होती, कारण एकदा वर गेलेली मान खाली येत नव्हती. चेहरा होता. भुवईजवळ तीळ असलेला, डोळ्यांखाली काळवंडलेला, बाजारात शेजारून गेला तर ओळखू येणार नाही असा साधा चेहरा. तो ढगासारखा नव्हता आणि उशाशी बसणाऱ्या बाईसारखाही नव्हता. त्या चेहऱ्याला काय करावं ते कळत नव्हतं.

"आन् ताप आला तवा," जनकाबाई म्हणाली, "तुमी रातभर उशाशी बसल्या."

"ताप?" सिस्टर पहिल्यांदा बोलल्या, आणि आईशी नाही, शिवकन्येशी. "कधी आला होता?"

"संक्रांतीच्या मागं, सिस्टर."

"मग?"

"ड्यूटी केली."

"आला व्हता," किसनसिंग भिंतीकडूनच बोलला. "हिचा हात माझ्या हाताला लागला तर चटका बसला. मी म्हणलं बी व्हतं, सिस्टर. तुमी म्हणल्या, पुढचा बेड घे."

 सिस्टरला आता फक्त एक शब्द बोलायचा होता, आणि तो खरा शब्द होता. नाही. मी नव्हते. पोरगी खोटं बोलते. त्या बोलल्या असत्या तर कोणी त्यांना चूक म्हटलं नसतं; उलट शिस्तीच्या बाई म्हणून वॉर्डात नाव झालं असतं. आणि संध्याकाळी साखऱ्याकडं जाणाऱ्या सेनगावच्या गाडीत पिशवी भरलेली असती, आणि पुढं साखऱ्याला कोणी मोठ्यानं हाक मारली की उठून उभ्या राहणाऱ्या दोघी झाल्या असत्या. शिवकन्येची बोटं नकळत किसनसिंगच्या मनगटावर गेली होती. त्याची नाडी धावत होती. की तिची स्वतःची होती, ते कळत नव्हतं.

"बसल्या व्हत्या ना, सिस्टर?" जनकाबाईनं विचारलं. आता आवाजात दही नव्हतं. "हिच्या उशाशी?"

सिस्टरनं शिवकन्येकडे पाहिलं. बरंच पाहिलं, जणू त्यांनीही हा चेहरा आजच पाहिला होता.

"हो," त्या म्हणाल्या. "बसले होते."

"रातभर?"

"रात्रभर."

"पट्ट्या ठेवल्या?"

"ठेवल्या. सारखी हलत होती. पट्टी राहीना कपाळावर. रागावले मी तिला एकदा. मग झोपली."

किसनसिंगचा हात शिवकन्येच्या बोटांखाली सैल पडला.

जनकाबाईनं, दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करत, रिकामी पिशवी झटकली, घडी घातली, त्या घडीवर अजून एक घडी घातली आणि काखेत मारली.

"खोटं बोलता तुमी, सिस्टर," ती म्हणाली, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात.